कळलावीचा कंद वळवाच्या आत काढा

कळलावी (कुणी वाघनखी म्हणतं, कुणी खड्यानाग) लावायची असेल तर याच आठवड्यात कुदळ उचला. दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलंय. एक चांगला वळीव पडला की मातीत निजलेला कंद जागा होतो, आणि मग त्याला नुसता धक्का लागला तरी कोंब मोडतो.

हा कंद बेचक्यासारखा, दोन बोटांचा. प्रत्येक बोटाच्या टोकाला एकच डोळा. बटाट्यासारखे चार डोळे नसतात. तो मोडला की बोट मातीत कुजतं, दुसरा कोंब फुटत नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीत एकाने दोन पोती कंद मोटारसायकलवर आडवे टाकून आणले. पोतं पालथं केलं तर तळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे. ते कोंब होते. कंद तसेच लावले. जुलै सरला, वेल वर येईनात. मग दुकानदाराने ‘मुळं फुटायचं टॉनिक’ गळ्यात मारलं. जिथे डोळाच नाही तिथे टॉनिक काय करणार? ते पैसे टोपल्या आणि भाताच्या पेंढ्यावर घाला. कंद एकेरी थरात ठेवा, पोत्यात कधीच नाही.

कुदळ वेलाच्या वाळक्या बुंध्यापासून वीतभर लांब मारा, शेवटची माती हाताने सारा. कुंपणातली जुनी कळलावी समूळ उपटू नका. एक बोट डोळ्यासकट तिथेच राहू द्या, गौरीला ते फुलेल. माझा अंदाज असा, की तेरडा दाट येतो त्या बांधावर पाणी साचत नाही आणि तिथलाच कंद टणक निघतो. मी तरी तिथूनच घेतो.

लागवड:
– कंद ५० ते ६० ग्रॅमचा, डोळा शाबूत
– कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) लिटरला १ ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवणे
– गादीवाफा, निचरा पक्का
– खोली ६ ते ८ सें.मी.
– वेलाला आधार. पानाचं टोकच त्याला धरतं
– फुलं आल्यावर सकाळी हाताने परागीकरण

शेवटचं काम टाळू नका. फुलाची कुक्षी परागकोशांपासून बाजूला वळलेली असते, आपोआप शेंगा कमी धरतात. पावसाळ्यात काळी-पांढरी, नारिंगी ठिपक्यांची अळी पानं फस्त करते. थोड्या वेलांवर सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकली की भागतं, महागडी बाटली लागत नाही.

शेंगांतलं बी विकायचं असेल तर गिऱ्हाईक आधी ठरवा, मग लावा.

आणि हे विसरू नका: अख्खं झाड विषारी आहे, कंद तर फारच. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. रानकंद समजून शिजवून खाल्ला तर जीव जातो. हातमोजे घाला, कंदाची टोपली स्वयंपाकघरात किंवा रताळ्यांशेजारी ठेवू नका. पोटात गेला तर उलटी-जुलाबांची वाट न बघता थेट दवाखाना गाठा, उरलेला कंद सोबत न्या.