टॉवेलचं टेंडर भरताय? आधी उद्यम प्रमाणपत्र उघडून वाचा

पॅन, जीएसटी, रद्द केलेला चेक, ताळेबंद हे सगळं सीएकडे असतंच. त्यावर वेळ घालवत नाही.

आधी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद. आहे का एवढं पाहून भागत नाही, त्यावर काय छापलंय ते वाचा. व्यवसायाच्या प्रकारासमोर ‘मॅन्युफॅक्चरिंग’च हवं. गेल्या खेपेला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये आठ माग चालू होते आणि प्रमाणपत्रावर होतं ‘ट्रेडिंग’. दुकानाचे कागद समोर ठेवून नोंदणी उरकली होती, नंतर कुणी पाहिलंच नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या टॉवेलचं टेंडर होतं. लघुउद्योगाला ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत) माफ असते म्हणून ती भरली नाही आणि तांत्रिक छाननीतच बाद झालो, दराचा लिफाफा उघडलाच नाही. नुसत्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही.

केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांना द्यायचा आहे. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. आपला भाग मागे पडलेला आहे म्हणून इथे वेगळं काही मिळत नाही. जे मिळतं ते उद्यमवरच्या नोंदीने. म्हणून पुन्हा सांगतो, ती नोंद तपासा. चुकली असेल तर पोर्टलवर फुकट दुरुस्त होते, एजंटला पैसे देऊ नका. मग जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) माहितीही बदला.

आता दर. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर त्यांच्या दराला उतरून काही माल देण्याची संधी मिळते. त्यांचे 100, तुमचे 113, तर द्यायचं 100 लाच. सूत, सायझिंग, प्रोसेसिंग, वीजबिल धरून परवडतं का, हे बिड भरण्याआधी मांडा. ऑर्डर हातात आल्यावर सुताचा भाव चढला तर तो तुमच्याच अंगावर.

अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट प्रत्येक बिडमध्ये नसते, तो रकाना वाचा. नमुना धुऊन मगच मापा, टॉवेल आटतो. जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) कमी भरला की माल परत.

पुढचं थोडक्यात: माल स्वीकारल्याची तारीख लेखी घ्या, बिल लगेच लावा, 45 दिवसांत पैसे आले नाहीत तर लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा.

आणि बिड सबमिट करायच्या आदल्या रात्री उद्यम परत उघडा. ‘मॅन्युफॅक्चरिंग’ दिसलं तरच पुढे जा.