ब्रिटनमध्ये नवीन आलात? आधी 'क्लॉक' ओळखा

सप्टेंबरात पुण्या-नाशकाकडची मुलं एमएससीला येतात, ऑक्टोबरात पार्टटाइम नोकरी धरतात आणि नोव्हेंबरात त्यांचे तेच ते फोन सुरू होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. क्लॉक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, एवढंच आपण शाळेत शिकलो. इथे तो शब्द पगारात आहे, व्हिसाच्या हिशेबात आहे आणि गाडीतही आहे.

गोदाम असो, केअर होम असो, आल्या आल्या 'क्लॉक इन' करायचं, निघताना 'क्लॉक आउट'. कुठे कार्ड, कुठे बोट, कुठे फोनवरचं अॅप. दहाची शिफ्ट म्हणजे दहाला कामाच्या जागेवर. गेटवर लॉकरची किल्ली शोधत असाल तर उशीर झालाच. काही ठिकाणी पाव पाव तासाने वेळ धरतात, तीन मिनिटं चुकली की पंधरा मिनिटांचे पैसे गेले. रुजू होतानाच विचारून घ्या. आणि मित्राचं कार्ड लावू नका. कॉलेजात प्रॉक्सी मारली, सर ओरडले, विषय संपला. इथे ती फसवणूक ठरते, दोघांचीही नोकरी जाते.

पदवी किंवा मास्टर्ससाठी स्टुडंट व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, त्यापुढे एक मिनिट नाही. आठवडा सोमवार ते रविवार. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हीकडचे तास मिळून. "या आठवड्यात २६, पुढच्यात १४, सरासरी वीसच की" हा हिशेब चालत नाही. मास्टर्सवाल्यांचा प्रबंध चालू असेल तर उन्हाळाही साधारण सत्रातच धरतात, विद्यापीठाला लेखी विचारा. "वरचे तास क्लॉक करू नकोस, रोख देतो" असं कुणी म्हणालं तर उठून या. म्हणणारा बहुतेक वेळा आपल्याकडचाच असतो, आणि तोच आधी "मी आहे ना" म्हणालेला असतो.

इथे वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एकचे थेट दोन होतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोनचा पुन्हा एक. १९१६ पासूनची प्रथा. फोन आपोआप बदलतो, ओव्हन बदलत नाही. भारत उन्हाळ्यात साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. आईला रोज संध्याकाळी पाचला फोन लावत असाल, तर ऑक्टोबरनंतर तिकडे साडेनऊऐवजी साडेदहा वाजलेले असतात. ती जागी राहील, तुम्हाला सांगणार मात्र नाही. ऑक्टोबरातल्या त्या रात्री शिफ्ट असेल तर एक तास जास्त भरतो, त्याचे पैसे मिळतात का ते करारात बघा.

'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. पुण्यात जर्मन शिकून आलेले हमखास साडेसहाला जाऊन थांबतात.

आता गाडी, आणि इथे मी पाल्हाळ लावणार. "फॉर्टी थाउजंड ऑन द क्लॉक" म्हणजे गाडी चाळीस हजार मैल चालली आहे. आणि 'क्लॉक्ड' गाडी म्हणजे तो आकडा मागे फिरवलेली गाडी. आपल्यातल्या एका मुलाने ओळखीतून अशीच घेतली. मीटरवर ४२ हजार, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले. नोंद काढली तर दोन वर्षांपूर्वीच ९१ हजार झालेले! वर्षभराची बचत गेली. त्याने गाडी खासगी विक्रेत्याकडून घेतली होती. डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार ३० दिवसांत परत करता येते. खासगी विक्रेत्याच्या बाबतीत तो हक्क नाही. फिरवलेला आकडा लपवून गाडी विकणं गुन्हा आहे, पण गुन्हा सिद्ध करत बसायला तुमच्याकडे वेळ कुठे?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी होते आणि प्रत्येक वेळी मैल नोंदले जातात. सरकारच्या संकेतस्थळावर नंबरप्लेटचा नंबर टाकला की सगळा इतिहास फुकट दिसतो. त्याहून नवी गाडी असेल तर सर्व्हिसचे कागद मागा. "भाऊ, घरातलीच गाडी समज" म्हणणाऱ्याचीही नोंद बघा, त्याच्या समोर उभं राहून बघा. संकोच वाटतो, कळतं मला. आकडा चढता चढता मध्येच घसरला असेल तर भाव करू नका, कारण विचारू नका. किल्ली परत द्या आणि बस पकडून घरी या.