घरातल्या ज्येष्ठांच्या फोनला हात लावण्याआधी

घरात एकदा ‘हिला मोबाईलमधलं कळतं’ असा शिक्का बसला की सुटका नाही. मी ऐरोलीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते, कम्प्युटरशी माझा संबंध टॅली आणि एक्सेलपुरता. पण हे नातेवाइकांना सांगून काही उपयोग होत नाही. आधी ठाण्याला नौपाड्यात राहणारी आत्या, मग तिच्या मजल्यावरच्या काकू, मग आमच्या सेक्टरमधल्या विरंगुळा केंद्रातले एक आजोबा, असं करत करत आता सुट्टीच्या सकाळी मी केंद्रात कॅरमशेजारी खुर्ची टाकून बसते आणि मंडळी चष्मे पुसत फोन पुढे करतात. अजूनही घरी परतते तेव्हा डोकं ठणकत असतं.

तुम्ही या कामाला नव्याने जुंपले गेला असाल तर व्हॉट्सॲप कसं टाकायचं, यूपीआय कसं चालतं, हे तुम्हाला येतंच असेल. ते कुणीही शिकवतं. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

शिकवायला बसण्याआधी फोनचा पंचनामा करा. सेटिंग्जमध्ये ‘गुगल’ उघडा आणि फोन कुठल्या जीमेल खात्यावर चालतोय ते मोठ्याने वाचून दाखवा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘जीमेल? मी नाही गं जीमेल वापरत.’ खातं तर समोर दिसत असतं, कारण त्याच्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नाही. ते उघडलेलं असतं फोन विकणाऱ्या दुकानातल्या पोराने. गिऱ्हाईक खोळंबलेलं, म्हणून त्याने नावापुढे सुचतील ते आकडे टाकले, जन्मतारीख मनाची, पासवर्डही मनाचा, आणि फोन हातात ठेवला. तो पासवर्ड संध्याकाळपर्यंत त्याच्याही लक्षात राहत नाही. या दुकानातल्या फुकट सेटिंगवर माझा भयंकर राग आहे.

आत्याचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावरून पडला आणि स्क्रीन काळीठिक्कर झाली. तिने गावदेवीजवळच्या दुकानातून नवा घेतला, सिम टाकलं, फोन लागायला लागले. मग तिने मला बोलावलं: नंबर कुठे गेले, फोटो कुठे गेले, आणि मुख्य म्हणजे भजनी मंडळाची रेकॉर्डिंग कुठे गेली? आत्या मंडळाची पेटीवाली. कुठलं भजन कुठल्या पट्टीत, मधली कडवी कोण म्हणणार, सगळं व्हॉट्सॲपवर बोलून ठेवलेलं. व्हॉट्सॲप तिच्या नंबरवर लगेच चालू झालं, पण आतून कोरं करकरीत. ‘बॅकअप सापडला नाही.’

इथे जरा नीट थांबून समजून घ्या, कारण मी याच खड्ड्यात अडकले आणि बाहेर यायला फार दमले. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप फोन नंबरसोबत गुगल खात्यालाही बांधलेला असतो. परत मिळवायचा तर नंबर तोच हवा आणि खातंही तेच हवं. नव्या दुकानातल्या पोराने नवं खातं काढून दिलं होतं, म्हणजे आत्याच्या नावावर आता दोन बेवारस खाती. जुन्या खात्यात तिचे नंबर, फोटो, भजनं, आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं तर गुगल म्हणे खात्याला जोडलेल्या रिकव्हरी नंबरवर कोड पाठवतो, आणि त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे आत्याच्या कुठल्याच नंबराशी जुळेनात. दुकानदाराचा असणार. पहिलं दुकान शोधत गेलो तर तिथे ज्यूस सेंटर.

वाचवलं ते आत्याच्या स्वभावाने. दुकानदार जुन्या फुटक्या फोनचे एक्सचेंजमध्ये किरकोळ पैसे देत होता. आत्या भंगारवाल्यालाही घासाघीस केल्याशिवाय रद्दी देत नाही, तिने फोन परत पिशवीत टाकला होता. त्याचा डिस्प्ले बदलून घेतला. आत खातं उघडंच होतं. जुना फोन चालू असेल आणि त्यात खातं उघडं असेल, तर ‘पासवर्ड विसरलो’ केल्यावर बऱ्याचदा त्याच फोनचं स्क्रीन लॉक विचारून नवा पासवर्ड ठेवू देतात. आम्हाला दिला. डिस्प्लेचे पैसे जड गेले, पण भजनं मिळाली.

म्हणून चार गोष्टी आजच करून ठेवा, फोन धडधाकट असतानाच. खात्याचा पासवर्ड माहीत नसेल तर वरच्या रीतीने नवा ठेवा. रिकव्हरी नंबर त्यांचा स्वतःचा घाला आणि रिकव्हरी ईमेल तुमचा. नंबर सिमवर किंवा फोनमध्ये नव्हे, गुगल खात्यात साठताहेत का बघा. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कधीचा ते बघा, आणि तारीख जुनी असेल तर कारण शोधा. कारण बहुधा एकच निघतं: गुगलची फुकट जागा १५ जीबी, २०२४ पासून अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच धरतात, आणि ती जागा ‘शुभ सकाळ’च्या फुलांनी आणि व्हिडिओंनी कधीच भरलेली असते. भरली की बॅकअप गुपचूप थांबतो.

आणि फोन हळू चालतोय म्हणून कुणी ‘रीसेट मारू’ म्हणालं तर त्याचा हात धरा. सेटिंग न उघडता बटणं दाबून केलेल्या रीसेटनंतर अँड्रॉइड आधीचंच खातं मागतं, चोरीला आळा बसावा म्हणून. पासवर्ड नसेल तर स्वतःच्याच फोनबाहेर उभं राहायची वेळ येते. नवा फोन पंधरा दिवस सुखाने चालेपर्यंत जुना एक्सचेंजमध्ये द्यायचा नाही, हा आता माझा नियमच आहे.

दुसरी अशीच गाठ बँकेतल्या नंबराची. सोय म्हणून पुष्कळ मुलं वडिलांच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडतात. मग वडील बँकेच्या काउंटरवर उभे आणि ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा मीटिंगमध्ये. शिवाय रिचार्ज न केलेला नंबर काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. बँक, पेन्शन, आधार, गॅस यांना त्यांचाच नंबर हवा आणि तो जिवंत हवा. एवढं बघा, बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

पासवर्ड वहीत लिहू नये, असं तज्ज्ञ सांगतात. मी लिहायला लावते. आत्याची वही पोथ्यांच्या कप्प्यात असते, त्यात जीमेलचा पत्ता, पासवर्ड आणि व्हॉट्सॲपचा टू-स्टेपचा सहा आकडी पिन मोठ्या अक्षरात आहे. चोर नौपाड्यातल्या घरात शिरून हरिपाठाखालची वही चाळेल याची भीती मला कमी वाटते. आत्या पासवर्ड विसरेल याची खात्री आहे. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र वहीत नाही, आणि तो मलाही सांगायचा नाही. एकदा ती सांगायला लागली तेव्हा मी कानावर हात ठेवले. तिला राग आला. येऊ दे.

आता हातांबद्दल. ‘ॲप गायब झालं’ ही तक्रार तुम्हाला सतत ऐकू येईल आणि तुम्ही मनात म्हणाल, काहीतरी दाबलं असणार. दाबलेलं नसतं, बोट जरा जास्त वेळ टेकलेलं असतं. कोरडी, जरा थरथरणारी बोटं; ती हलकेच टिचकी मारायला जातात आणि फोनला तो लाँग प्रेस वाटतो. मग आयकॉन सरकतो, फोल्डरात जातो किंवा निघून जातो. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ आहे, तो लाँग करा. होम स्क्रीनचा लेआउट लॉक करायची सोय असेल तर तीही लावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. अक्षर मोठं कराल तेव्हा सगळ्यात मोठ्याच्या एक पायरी अलीकडे थांबा, कारण शेवटच्या पायरीवर काही ॲपमधलं ‘ओके’ स्क्रीनच्या खाली जातं आणि माणूस तासभर तिथेच अडकतो.

खास ज्येष्ठांसाठी म्हणून मिळणारे चार मोठ्या चौकोनांचे लाँचर, म्हणजे होम स्क्रीनचं रूपच बदलणारी ॲप, मला आवडत नाहीत. त्यांचा फोन इतरांसारखाच दिसू द्या, म्हणजे बाकावर शेजारी बसलेला कुणीही मदत करू शकतो. नातवंडांना शिकवायला बसवू नका, हेही माझं ठाम मत. पोरं ‘हे बघ, असं, असं, झालं’ म्हणतात आणि आजीच्या हातात काहीच उरत नाही. आमच्या केंद्रात सगळ्यात चांगलं शिकवतात ते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते स्वतः फोनला हातच लावत नाहीत. हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, ‘वाचा काय लिहिलंय, मग दाबा.’ माझ्याच्याने एवढा धीर धरवत नाही.

जे शिकवाल ते मोडणार, हेही धरून चाला. सत्तरीतले एक काका रेल्वेच्या यूटीएस ॲपवर ठाणे-वाशीचं तिकीट काढायला शिकले, पायऱ्या कागदावर उतरवल्या, नातेवाइकांत भाव खाल्ला. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने रेलवन हे नवं ॲप आणलं आणि पुढे तो कागद बाद झाला. त्यांचा चेहरा पडला, पण दुसरा कागद पहिल्याच्या मानाने फार लवकर तयार झाला.

फसवणुकीबद्दल मी गोड बोलणार नाही. ‘आज रात्री वीज तोडणार’, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी), केवायसीसाठी स्क्रीन शेअर करा, आणि गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अरेस्ट’ करतो तो प्रकार. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. हे पाठ करून घ्याच. पण पाठ असूनही माणसं फसतात, कारण समोरचा घाईवर घेतो. म्हणून मी एकच सवय लावते: कुणीही, काहीही सांगो, फोन ठेवायचा आणि घरच्याला लावायचा. लांबून मदत करायला मी स्वतःही स्क्रीन शेअर करणारं ॲप त्यांच्या फोनमध्ये ठेवत नाही. भामटे तेच ॲप टाकायला सांगतात, आणि भाची टाकते म्हटल्यावर ते सवयीचं होतं. त्यापेक्षा ऐरोलीहून ट्रेन पकडून ठाण्याला जाते.

आणि ओरडू नका. केंद्रातले एक आजोबा सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ आले, खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, तिच्यावर गेलेली रक्कम लिहिलेली होती. पहिलं वाक्य, ‘मुलाला सांगू नका.’ आठवडा उलटून गेला होता. १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत अडवले जायची शक्यता बरी असते. आठवड्यानंतर फारशी उरत नाही. मुलाच्या ओरड्याच्या भीतीने तो तास गेला. तुम्ही आज ‘किती वेळा सांगितलं’ म्हणालात तर पुढच्या वेळी तुम्हालाही फोन येणार नाही.

नोव्हेंबरची तयारी ऑक्टोबरात करा. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला आता घरून चेहरा दाखवून निघतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप लागतात. त्यात आधी ‘ऑपरेटर’चा चेहरा मागतात आणि मग पेन्शनरचा, इथे सगळे गांगरतात. घरी करताना ऑपरेटर तुम्ही व्हा किंवा पेन्शनर स्वतः. पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) आणि पेन्शनच्या खात्याचा नंबर आधी कागदावर काढून ठेवा. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. आत्याला मी डोळे मिचकाव म्हटलं, तर ती मिचकावता मिचकावता माझ्याशी बोलत राहिली, ‘झालं का गं? आता झालं का?’, आणि ॲप दर वेळी तिला बाहेर काढत होतं. मग तिला म्हटलं, पेटीवर पहिला सूर लागेपर्यंत गप्प बसतेस ना, तशी बस. लगेच झालं. नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. बोटांचे ठसे झिजलेल्यांना चेहऱ्याचा मार्ग खरंच सोपा आहे.

शेवटी शेजाऱ्यांबद्दल. एकदा काम येतं हे कळलं की अख्खी सोसायटी दारात येते. करा मदत, पण परक्याच्या फोनवर बँकेचं ॲप उघडायचं नाही. फारच अडलं तर त्यांच्या मुलाला किंवा मुलीला स्पीकरवर घ्या, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आणि पिन टाकताना तोंड फिरवून बसा. उद्या खात्यातून शंभर रुपये इकडेतिकडे झाले तर पहिलं नाव तुमचंच निघेल. आमच्या जिन्यात निघालंय एकीचं. नंतर कळलं, विमा योजनेचा हप्ता आपोआप कापला गेला होता.