निवृत्त होणाऱ्या कारागिराचे कसब नोंदवताना

लेथवर (धातू फिरवत कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) आयुष्य घालवलेल्या कारागिराचे कसब निवृत्तीपूर्वी नोंदवायचे असेल, तर ही नोंद कोण पाहणार, कशासाठी वापरणार आणि तिच्यामुळे कोणाच्या नोकरीवर गदा येणार का, हे चित्रीकरणापूर्वीच त्याला स्पष्ट सांगावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त असावी लागते व ती मागे घेणेही देण्याइतकेच सोपे असावे लागते. नोकरीविषयक कामांना या कायद्यात काही सवलत आहे. तरीही हीच कसोटी लावावी, कारण साहेबांच्या केबिनमध्ये घाईने घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

हायस्पीड स्टीलच्या (कापण्याच्या हत्यारांसाठीच्या खास पोलादाच्या) टूलने पोलाद कापताना चिप, म्हणजे निघणारा धातूचा कीस, निळी पडू लागली की वेग कमी करायचा, अशा खुणा त्याच्याच शब्दांत उतरवाव्यात, नोंदीवर त्याचे नाव घालावे आणि मसुदा त्याला वाचून दाखवावा. सहकाऱ्यांच्या आजारपणाचे उल्लेख वगळावेत.

बोलण्याच्या ओघात त्याने सांगितलेल्या जुन्या चुका मात्र कोणाच्याही मूल्यमापनासाठी वापरू नयेत. एकदा तसे घडले की पुढचा माणूस तोंड उघडत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. निवृत्तीनंतर सल्ल्यासाठी बोलावल्यास मानधन द्यावे.