हरितगृहातली स्टेव्हिया: खत घालण्याआधी मुळं बघा

पानं पिवळी पडली की बहुतेक जण खताकडे वळतात. स्टेव्हिया म्हणजे साखरेऐवजी वापरतात ती गोड पानांची वनस्पती. सेंद्रिय माध्यमात, म्हणजे कोकोपीट-कंपोस्टसारख्या कुंडीतल्या मिश्रणात, वाढवलेल्या स्टेव्हियाचा घोटाळा इथेच होतो. हिची मुळं बारीक, वरच्या थरात पसरणारी. साचलेलं पाणीही सोसत नाही आणि क्षारही. रोप कुंडीतून अलगद काढून पाहा. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर रोप उपाशी असण्याची शक्यता आहे. तपकिरी, लिबलिबीत असून कुबट वास येत असेल तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी खत देणं म्हणजे जुलाब लागलेल्याला पक्वान्नं वाढणं.

दोष बऱ्याचदा मिश्रणातच असतो. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. गोड्या पाण्याने ते धुवा, निथळलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) मोजा, तो उतरेपर्यंत पुन्हा धुवा. गांडूळखताचा मोह आवरा. एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शापुढे गेलं की माध्यम दबतं आणि क्षार चढतात. अर्धकच्चं कंपोस्ट तर नकोच. ते कुजवताना जिवाणू नत्र स्वतःकडे ओढतात आणि भरल्या कुंडीत रोप उपाशी राहतं. कुंडीच्या तळाशी खडे टाकण्याची सवयही सोडा. पाणी खड्यांच्या वर, बारीक माध्यमातच अडून राहतं. त्यापेक्षा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा भाताचं तूस सगळ्या मिश्रणात मिसळा. सामू (पीएच) ६ ते ७ पुरे.

मुळं ठणठणीत, तरी रोप वीतभर असतानाच कळ्या धरतंय? मग दिवसाची लांबी तपासा. पॅराग्वेकडची ही वनस्पती लघुदिवसी आहे. दिवस साधारण १२-१३ तासांच्या खाली आला की फुलोऱ्याकडे वळते. फुलल्यावर नवी पानं थांबतात, गोडीही उतरते. मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावून रात्र तोडली तर फुलोरा लांबतो. ते जमत नसेल तर कळी दिसताच काढणी उरका.

बियांपासून लागवड हा मला हौसेचाच मामला वाटतो. फिकट बी बहुधा पोकळ निघतं, गडद बी उजेडात, मातीने न झाकता पेरावं लागतं, आणि उगवलेल्या रोपांची गोडी सारखी नसते. गोड रोपाची छाट कलमं लावणं सोपं.

माध्यमावर बारीक काळी चिलटं घोंघावत असतील तर वरचा थर सुकू द्या. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. पानांवर करडे-तपकिरी कोनाकृती डाग दिसले की फवाऱ्याने पाणी देणं बंद करा, ठिबक वापरा, डागाळलेली पानं काढून हरितगृहाबाहेर टाका आणि झरोके उघडून हवा खेळती ठेवा.