छोट्या माउंटन बाइक संघात येण्यापूर्वी: नागपुरातील सहा वर्षांचा अनुभव

गेली सहा वर्षे मी नागपुरातील एका छोट्या माउंटन बाइक संघात आहे. छोटा म्हणजे किती, हे आधी सांगायला हवे. शर्यतीत उतरणारे आम्ही चौघे, सायकलींचे सगळे काम पाहणारे एक मेकॅनिक काका आणि स्वतः पूर्वी रस्त्यावरच्या शर्यती केलेले आमचे सर, एवढाच हा संघ आहे. प्रायोजक नाही, एका दुकानातून सुटे भाग सवलतीत मिळतात आणि बाकीचा खर्च आम्ही वर्गणीतून भागवतो. दरवर्षी पाऊस ओसरू लागला की नवी मुले-मुली आणि त्यांचे पालक चौकशीला येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सायकल कोणती घ्यावी हाच असतो. माझ्या मते त्याआधी विचारण्यासारखा प्रश्न असा आहे की, ज्या दिवशी माझी स्वतःची शर्यत नसेल त्या दिवशी संघात माझे काम काय असेल. मोठ्या संघात ज्या कामांसाठी वेगळी माणसे नेमलेली असतात ती सगळी इथे आपणच एकमेकांसाठी करतो, आणि शर्यतीचा निकाल अनेकदा त्याच कामांवर ठरतो.

आम्ही ज्या प्रकारात उतरतो त्याला क्रॉस-कंट्री म्हणतात. बोलताना सगळे एक्ससीओ म्हणतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. साधारण चार ते सहा किलोमीटरच्या खडकाळ, चढउताराच्या मार्गावर फेऱ्या मारायच्या असतात आणि एलिट, म्हणजे सर्वांत वरच्या गटाची शर्यत 80 ते 100 मिनिटे चालते. सुरुवातीला सगळे एकदम सुटतात, पण थोड्याच अंतरावर वाट एका सायकलीपुरती अरुंद होते. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत जो मागे राहिला त्याला पुढे जायला पुढे कुठे जागाच सापडत नाही. उभे राहण्याचा क्रम आधीच्या कामगिरीवर ठरत असल्याने नवख्याला शेवटची रांग मिळते. त्यातच 80 टक्क्यांचा नियम असतो: आघाडीच्या स्पर्धकाने पहिली फेरी 15 मिनिटांत पूर्ण केली असेल, तर त्याच्यापेक्षा 12 मिनिटे मागे पडलेल्याला पंच शर्यतीतून बाहेर काढतात. माझ्या पहिल्या शर्यतीत मला तिसऱ्या फेरीनंतर असेच थांबवले होते. मी रडत मैदानाबाहेर आले, तेव्हा सरांनी तिन्ही फेऱ्यांच्या वेळा लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. तिसरी फेरी दुसरीपेक्षा फक्त नऊ सेकंदांनी मंद होती. दम टिकला होता, वेळ गेला होता तो सुरुवातीच्या गर्दीत आणि एका उतारावर, जिथे मी दरवेळी पाय टेकवत होते. पुढचे चार महिने आम्ही फक्त सुटण्यावर आणि उतारावर काम केले. तुमचीही पहिली शर्यत अशीच संपण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा फेऱ्यांच्या वेळा कोणाकडून तरी अवश्य लिहून घ्या.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे आणि इथे मोठा घाट नाही, म्हणून इथे माउंटन बाइक कशी होणार, असे पुण्याकडची मंडळी विचारतात. सेमिनरी हिल्सच्या छोट्या चढावर, अंबाझरीमागच्या आणि हिंगण्याकडे झिलपी तलावाच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर पुरेसा सराव होतो. लांब चढ हवा असेल तेव्हा आम्ही सव्वादोनशे किलोमीटरवरच्या चिखलदऱ्याला जातो, जिथे परतवाड्याहून वर चढताना उंची सुमारे अकराशे मीटरपर्यंत जाते. वनखात्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय कधीही शिरू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय एकाच्या चुकीमुळे सगळ्यांची वाट बंद होते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा आम्ही पूर्ण सोडतो, कारण ती चिकण माती चाक आणि ते धरणारा दुफाटा, म्हणजे फोर्क, यांच्या मध्ये अशी बसते की शंभर मीटरांत चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते. त्या तीन महिन्यांत मुरूम आणि डांबरी रस्ता बरा.

उन्हाळ्याबद्दल मी अधिक काळजीने लिहिते. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे आम्ही पहाटे साडेचारला निघतो आणि आठच्या आत घरी असतो. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत हळूहळू होते. ती एका रविवारी धाडस करून होत नाही. सरावापूर्वी आणि नंतर वजन करण्याची आमच्याकडे सक्ती आहे. एक किलो घटले असेल तर साधारण एक लिटर पाणी कमी पडले, असा सरळ हिशेब आहे, आणि ते भरून काढताना नुसते पाणी पिऊन चालत नाही, मीठही लागते. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले घरचे सरबत आमच्या बाटल्यांत असते. मळमळ, थंडी वाजल्यासारखे काटे येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही जाणवले तर सराव तिथेच थांबवायचा आणि सावलीत बसून सोबत्याला हाक मारायची. त्या दिवशी कोणी कोणाला हिणवत नाही.

सायकलीविषयी थोडक्यात सांगते. मागे सस्पेन्शन नसलेली, म्हणजे हार्डटेल, 29 इंची चाकांची, हवेचा फोर्क आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली सायकल शर्यतीला पुरते, आणि नवी घेतली तर खर्च लाखाच्या आसपास जातो. पहिले वर्ष संघातील कोणाची तरी जुनी सायकल वापरावी, असा माझा आग्रह असतो. पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी टायरवर करा.

टायरची गोष्ट मी स्वतः किंमत मोजून शिकले आहे. विदर्भातल्या वाटांवर बाभळीचे काटे आणि सराटे इतके असतात की ट्यूब घालून फिरणे शक्यच नाही. म्हणून आम्ही ट्यूबलेस टायर वापरतो आणि त्यात सीलंट ओततो. काटा टोचला की हे पांढरे दूध भोकातून बाहेर येऊन तिथेच गोठते आणि हवा थांबते. परंतु इथल्या उन्हात ते टायरच्या आतच वाळून जाते. तिसऱ्या वर्षी राज्य संघाच्या निवड चाचणीत मी दुसऱ्या फेरीला पाचव्या क्रमांकावर होते, आणि एका साध्या सराट्याने मागचे चाक बसले. टायर उघडले तेव्हा आत सीलंटचा थेंबही नव्हता. रबराला चिकटलेली वाळलेली साय तेवढी होती. ते मी एप्रिलमध्ये भरले होते आणि चाचणी जूनमध्ये होती. वर्षभराची मेहनत होती, सोबत सुट्टे सीलंट होते, चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून काकांच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावलेला आहे, त्यावर प्रत्येक चाकापुढे सीलंट भरल्याची तारीख असते, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला, एरवी दर दोन महिन्यांनी ते पुन्हा भरले जाते. व्हॉल्वच्या छिद्रातून बारीक काडी आत घालून ती ओली निघते का, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही.

हवेचा दाबही अंदाजाने ठरवू नये. मी एकदा अंगठ्याने टायर दाबून ठीक आहे म्हणाले, तेव्हा काका म्हणाले, ‘‘हातानं दाबून काय पाहून राहिली? गेज लाव, अन् आकडा लिहून ठेव.’’ माझे वजन 54 किलो आहे आणि मुरमावर मी पुढे 19 व मागे 21 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) ठेवते. बसाल्टच्या धारदार दगडांचा मार्ग असेल तर दोन्हीकडे दोनने वाढवते. हा आकडा तुमचा असेलच असे नाही. मार्ग पाहताना एकेक पीएसआय कमी करत जा, रिम, म्हणजे चाकाची धातूची कडा, दगडाला लागू लागली की एक पायरी वर या आणि मिळालेला आकडा वहीत नोंदवा.

आता संघाच्या कामाकडे येते. शर्यतीत बाहेरून मदत फक्त ठरवून दिलेल्या टेक आणि फीड झोनमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या आणि खाणेपिणे घेण्याच्या जागेत, घेता येते. मार्गात दुसरीकडे काही बिघडले तर स्वतःजवळच्या हत्याराने दुरुस्त करायचे, नाहीतर सायकल ढकलत झोनपर्यंत यायचे. सबंध सायकल बदलता येत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक पंक्चर झाले, झोनमध्ये चाक बदलण्यात त्याचा बराच वेळ गेला आणि तो खूप मागे पडला, तरी शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झ्कीला मागे टाकून त्याने सुवर्ण जिंकले. मी ती शर्यत अनेकदा पाहिली आहे, आणि दरवेळी माझे लक्ष झोनमध्ये चाक हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे जाते, कारण आमच्याकडे तिथे मीच उभी असते.

बाटली देणे हे नव्या सदस्याचे पहिले काम असते आणि ते शिकावे लागते. बाटली अर्धीच भरायची, म्हणजे ती हलकी राहते. बोटांच्या टोकांनी तिला वरून, झाकणाजवळ धरायचे, जेणेकरून येणाऱ्याच्या पंजाला संपूर्ण मधला भाग मोकळा मिळेल. हात अंगापासून लांब, त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठेवायचा, आणि तो बाटली धरेल तेव्हा हात त्याच्या जाण्याच्या दिशेने सोबत न्यायचा, म्हणजे हिसका बसत नाही. बोटे घट्ट मिटलेली असतील तर बाटली सुटत नाही आणि सायकलस्वार पडतो; फार सैल असतील तर ती जमिनीवर जाते आणि पुढची संपूर्ण फेरी तो कोरड्या घशाने काढतो. देताना मोठ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: कितवा क्रमांक आणि पुढचा किती सेकंदांवर. शाबासकी नंतर देता येते. आम्ही हे सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर वीस-वीस वेळा घोटून घेतो.

प्रवास हा वेगळाच अभ्यास आहे. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने चारही दिशांना गाड्या मिळतात, पण शर्यतीची ठिकाणे बहुतेक दूर, पुण्याकडे किंवा उत्तरेच्या डोंगरात असतात. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेक व्हॅनमधून न्यावी लागते. चाके काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायला विसरू नका, कारण वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला जोडलेला असतो तिच्यावरून, सोडवून चेनसह फ्रेमला बांधा. गोणीवर गोणी पडून हँगर वाकतो, आणि वाकलेला हँगर नुसत्या डोळ्याला कळत नाही. शर्यतीत सर्वांत हलक्या गिअरवर चेन स्पोकमध्ये शिरते तेव्हा कळतो. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर नेहमी जवळ असू द्या. कारण हा भाग प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि परगावी मिळत नाही.

शिक्षण आणि नोकरीबद्दल पालक विचारतात, तेव्हा मी स्पष्ट सांगते. भारतात फक्त माउंटन बाइकवर पोट भरणारे फार थोडे आहेत. सैन्यदल आणि रेल्वे यांचे सायकलिंग संघ आहेत, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांमधील कामगिरी लागते. खासगी शर्यतीत रोख बक्षीस मिळाले तरी ते प्रमाणपत्र तिथे चालत नाही. म्हणून जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा हा मार्ग धरा आणि शर्यतीत उतरण्याचा परवाना वेळेत काढा. वयोगट जन्मवर्षावरून ठरतो: 2009 साली जन्मलेली मुलगी 2026 च्या संपूर्ण हंगामात 17 वर्षांची, म्हणजे ज्युनिअर धरली जाते, मग वाढदिवस डिसेंबरात असला तरी. सर्दी-खोकल्याचे औषध किंवा व्यायामशाळेतली पावडर घेण्याआधी त्यातले घटक बंदी असलेल्या यादीशी ताडून पाहा, कारण शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच येते आणि नकळत घेतले असे सांगून सुटका होत नाही. मी स्वतः एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. सकाळ सायकलीला, दिवस कामाला आणि रात्री दहाला झोप असा माझा क्रम आहे, आणि मार्चअखेरीस कामाचा भार वाढतो तेव्हा सराव निम्मा करते.

यायचे असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या, तेव्हा वाटा वाळलेल्या असतात आणि हंगामाची आखणी सुरू होते. पहिल्या रविवारी सायकल नसली तरी चालेल. हेल्मेट, बंद बूट, दोन बाटल्या आणि एक वही आणा. अठरा वर्षांखालच्यांनी आई किंवा बाबांना सोबत आणावे, म्हणजे आम्ही कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजता परततो हे त्यांना आमच्याकडूनच समजेल. पहिले दोन महिने तुम्ही काकांच्या हाताखाली चेन धुणे, पंक्चर काढणे आणि चाक बसवणे शिकाल, आणि नोव्हेंबरमध्ये आमच्यापैकी कोणाच्या तरी शर्यतीत फीड झोनमध्ये उभे राहाल.