विसरभोळी बायको, दुखावलेला नवरा: एडीएचडी असताना संसार सांभाळायचा कसा

बेळगावात अनगोळला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मागच्या श्रावणात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला मी सलग तीन दिवस विसरले. तिसऱ्या रात्री हे म्हणाले, "आईची काळजी असती तर लक्षात राहिलं असतं की." मी रात्रभर रडले, कारण मलाही तेच खरं वाटत होतं. पुढे ३७व्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान झालं.

तुमच्याही घरात असं होत असेल तर आधी एवढं समजून घ्या. या त्रासात माया कमी नसते. लक्ष कुठे लावायचं, कधी काढायचं, किती वेळ गेला, यावरची मेंदूची पकड कच्ची असते. हे लहानपणापासूनच असतं; निदानासाठी बाराव्या वर्षाआधी लक्षणं दिसलेली असावी लागतात. माझ्या प्रगतीपुस्तकात दरवर्षी एकच शेरा असे, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' तेच ऐकत मोठं झालं की माणूस स्वतःला बेजबाबदार समजायला लागतो. मग "करंट बिल भरलंस काय?" हा साधा प्रश्नसुद्धा झोंबतो. मी त्यावर भांडायलाच उठायची.

माफी एकदाच मागा. पूर्वी मी दहादा 'चुकलं' म्हणत रडायची, शेवटी हेच माझी समजूत काढायचे आणि गोळ्या औषधाच्या दुकानातच राहायच्या. आता म्हणते, "विसरले, चुकलं. आत्ता जाऊन आणते." मग पुन्हा तेच होऊ नये म्हणून काहीतरी डोळ्यांना दिसेल असं करते. गोळ्यांच्या पट्टीवर शेवटच्या पाच गोळ्यांभोवती लाल पेनाची खूण असते. खुणेपर्यंत आलं की त्याच दिवशी नवी पट्टी. गिऱ्हाइकाच्या कापडालाही तारखेची चिठ्ठी टाचते, खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधीची.

नवऱ्याला मात्र आठवण करून द्यायच्या कामाला जुंपू नका. तो मास्तर होतो, आपण पोर होतो, आणि जवळीक आटते. ते काम भिंतीवरच्या कॅलेंडरला आणि फोनच्या गजराला द्या. आमच्यात बिलं हे भरतात. पाहुणे, बाजार, सासूबाईंचा दवाखाना माझ्याकडे. रविवारी चहानंतर दहा मिनिटं बसून पुढचा आठवडा लिहितो. चूक झाली त्या क्षणी हा विषय काढत नाही. राग चढला तर "पंधरा मिनिटं द्या" म्हणून उठा, पण सांगितलेल्या वेळेला नक्की परत या.

जोडीदारांनो, 'तुला काळजीच नाही' म्हणू नका. 'गोळ्या नव्हत्या, मला भीती वाटली' असं म्हणा. ह्यांना हे जमायला वेळ लागला, पण माझ्यासाठी ते सगळ्यात मोलाचं ठरलं.

निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्या. अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही, ते तपासावं लागतं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आपल्या बेळगावकडून धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था जवळ आहे. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन मोफत लागतो. जाताना जुनं प्रगतीपुस्तक न्या. नसेल तर लहानपण पाहिलेलं माणूस सोबत न्या. मी आईला नेलं होतं. मी शाळेत दफ्तर विसरून घरी यायची ते तिनंच सांगितलं, माझ्या तर ध्यानातही नव्हतं.